प्रकरण चौदावे : खिळ्यावरची लाल पट्टी

ऐंशीव्या वाढदिवसाच्या दिवशी थीराबाई पहाटे साडेपाचलाच उठल्या, अंघोळ केली, अंबाडा घातला, निळा रेशमी पोशाख चढवला आणि पुन्हा पांघरुणात शिरून डोळे मिटून पडून राहिल्या. सात वाजता घरची माणसे आणि शेजारीपाजारी खिडकीखाली गाणे म्हणून जागे करणार, ही त्या डॅनिश गावाची रीत. ज्याचा वाढदिवस त्याने तोवर झोपेतच असले पाहिजे. थीराबाईंनी जन्मात कधी रीत मोडली नव्हती. पण रीत पाळण्यासाठी विस्कटलेल्या केसांनी खिडकीत उभे राहावे, असे कोणीही कुठे सांगून ठेवलेले नाही.

सातच्या ठोक्याला थोरवाल्डचा अकॉर्डियन खरखरला. हा थोरवाल्ड चाळीस वर्षे गावचा पोस्टमन होता. पत्रे तो वेळेवर आणी. सूर मात्र अजून एकदाही वेळेवर आलेला नव्हता. त्यामागून गाणे उठले. थीराबाई डोळे मिटून आवाज ओळखू लागल्या. सॉल्वाय, धाकटी लेक, शाळामास्तरीण. तिचा आवाज सगळ्यांच्या वर, जणू सारे अंगण तिचा वर्गच. नात सिग्ना, शहरातल्या प्रयोगशाळेत काम करणारी. बारीक पण स्वच्छ. सून बोडिल, बेताची. थोरल्या मुलाचा, एस्किलचा, घागरीत बोलल्यासारखा जाड आवाज मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत काही लागला नाही.

ओठ हलवतो आहे नुसते, थीराबाईंनी ओळखले. गुरुवारचे अजून धरून बसला आहे.

त्यांनी खिडकी उघडली, जागे झाल्याचे दाखवले, हात जोडल्यासारखे करून सर्वांना कॉफीला बोलावले. शेजारी अंगणातल्या लांब टेबलाशी पाव, लोणी आणि कडू मद्याच्या इवल्या पेल्यांत रमले. घरची माणसे स्वयंपाकघरात बसली. या घरात घरची भांडणे घरातच करण्याचा शिरस्ता होता.

"आई, वाढदिवसाला कामाचं बोलायचं नाही, हे मला माहितीये," सॉल्वायने पावाला लोणी लावता लावता सुरुवात केली. "म्हणून मी बोलत नाहीये. नुसतं विचारतेय."

"शाळेतल्या पोरांना देतेस का गं अशी सूट?"

"पत्राचं काय ठरलं? सोमवारी पोचायला हवं ते."

पत्र पावाच्या टोपलीखाली होते. थीराबाईंनीच ते तिथे सारले होते. सरकारच्या अन्न खात्याचे पत्र. खाण्यात पडणारे सगळे जुने रंग शास्त्रज्ञांनी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले होते, आणि प्रत्येक कारखानदाराला एकच प्रश्न विचारला होता : तुमच्या एका किलो मालात हा रंग प्रत्यक्ष किती? खाली मालकाची सही. कारखाना लहानसा, पण गावाच्या चारी वाटांवर त्याची लाल सॉसेजे प्रसिद्ध, आणि मालक अजून थीराबाईच होत्या.

"ठरायचं काय त्यात?" एस्किल कपात बघत म्हणाला. "आईचं ठरलंय. मी चोर."

"चोर म्हटलं नाही मी. हात सैल झाला म्हटलं."

"दोन्हीचा अर्थ एकच," एस्किल म्हणाला. "चौतीस वर्षं हंड्यापाशी उभा आहे मी, आई. एकदा तरी सैल झाला का हात?"

"आई, गुरुवारपासून हे धड जेवलेले नाहीत," बोडिल मधेच बोलली. "काल सॉसेज वाढलं तर ताट सारलं."

हे मात्र थीराबाईंना लागले. या घरातल्या पुरुषाने सॉसेजचे ताट सारणे म्हणजे पाद्र्याने रविवारी चर्चला न जाणे.

गुरुवारी झाले होते ते एवढेच. पत्राला उत्तर द्यायचे म्हणून सिग्नाने चार सॉसेजे प्रयोगशाळेत नेऊन त्यांतला रंग मोजला. तिचे आजोबा, म्हणजे थीराबाईंचे यजमान लॉरिट्स, यांच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिले होते : एका हंड्याला रंग एक चमचा, सपाट. आणि सिग्नाच्या मोजणीत निघाला अडीच चमच्यांइतका. कायद्याच्या रेषेच्या आत, पण अगदी काठावर. थीराबाईंनी सगळ्यांसमोर मुलाला विचारले होते, "कुठल्या दुकानदाराच्या सांगण्यावरून हात सैल सोडलास? भडक दिसलं की जास्त खपतं म्हणून?" एस्किल उठून गेला होता.

"माझं ऐकाल?" सॉल्वाय म्हणाली. "बाबांच्या वहीतला आकडा लिहा आणि मोकळे व्हा. एक चमचा. वही तर खोटी नाही ना?"

"आत्या, वहीत काय आहे ते त्यांनी विचारलेलं नाही," सिग्ना म्हणाली. "हंड्यात काय आहे ते विचारलंय."

"तुला काय, तू त्यांच्यातलीच."

"मी त्यांच्यातली नाही गं, मी फक्त मोजते. हे बघ, सगळ्यांचे आकडे गोळा करून ते बघणार, एखादं पोर आठवड्याला किती लाल खातं. त्यावरून ठरवणार किती चालेल. आपण कमी लिहिलं म्हणून पोराच्या ताटातलं कमी होतं का?"

"मी सांगतो, लालच बंद करू," एस्किल म्हणाला. "साधी विकू, बिनरंगाची. बाकी जग तशीच खातं. कोणी मेलं नाही."

"मेलं नसेल, पण त्याला काय जगणं म्हणतात?" थीराबाई कडाडल्या. "या घरात लाल बंद होणार नाही. तुझ्या आजीनं मला या उंबऱ्यात पहिल्या दिवशी काय सांगितलं ठाऊक आहे? पूर्वी कालचं उरलेलं सॉसेज लाल पाण्यात बुडवायचे आणि स्वस्त विकायचे. का? तर घेणाऱ्याला लांबूनच कळावं, हे कालचं आहे. लाल म्हणजे फसवणूक नव्हे, लाल म्हणजे सांगून विकणं. पुढे लोकांना तेच आवडायला लागलं, त्याला आम्ही काय करणार? पण आमचा रंग सांगण्यासाठी आहे, लपवण्यासाठी नाही."

"मग सांगू या की. अडीच," सिग्ना हळूच म्हणाली.

थीराबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. नातीची हनुवटी थेट त्यांचीच होती. त्यामुळे रागावणे अवघड जाई.

"सिग्ना, कारखान्यात जा. हंड्यावरच्या खिळ्याची पट्टी काढून आण."

सगळ्यांचे हात थांबले. हंड्याच्या वर भिंतीत एक खिळा आणि त्यावर बोटभर रुंदीची लाल लोकरी कापडाची पट्टी, ही या कारखान्याची वजन-मापे, कायदा आणि देव्हारा होती. लॉरिट्सने ती स्वतः ठोकली होती. दर हंड्याचे पहिले सॉसेज बाहेर काढून तिला टेकवून पाहायचे. रंग जुळला की हंडा झाला. फिका वाटला तर आणखी चिमूटभर. लॉरिट्स गेल्यावर थीराबाईंनी हुकूम काढला होता : पट्टी धुवायची नाही, बदलायची नाही, हलवायची नाही.

"चोपन्न वर्षांत पहिल्यांदा उतरतेय ती," बोडिल पुटपुटली.

"उतरू दे. माणसं खोटं बोलतात, पट्टी बोलत नाही."

सिग्नाने दोन्ही हातांवर पट्टी आणली आणि एका ताटलीत कालच्या हंड्यातले सॉसेज. ताटली टेबलावर वाढदिवसाच्या कागदी झेंड्यांच्या मधोमध ठेवली. थीराबाईंनी चष्मा पुसला, सॉसेज काट्याला टोचून पट्टीशेजारी धरले.

तंतोतंत. केसाचाही फरक नाही.

"बघ," एस्किल म्हणाला. एवढेच; पण त्या एका शब्दात चौतीस वर्षे होती.

"मग दादाचं चुकलं नाही," सॉल्वाय म्हणाली, आणि तिने खुर्ची नकळत भावाच्या बाजूला सरकवली. लहानपणापासून ती हरणाऱ्याविरुद्ध आणि जिंकणाऱ्याच्या बाजूने सरकत आली होती. मन वाईट नव्हते, फक्त घाई असे. "पट्टी तीच, रंग तोच, आणि चमचे अडीच? रंगच हल्ली पाणचट येत असणार."

"तपासला मी. आजोबांच्या वेळचा एक बंद डबा फळीवर होता, त्याच्याशी. ताकद तेवढीच आहे."

"मग..." सॉल्वायने वाक्य अर्धे सोडले, पण ते काय होते ते सगळ्यांना कळले. मग बाबांनीच वहीत खोटे लिहिले.

थीराबाई उठल्या. भिंतीवरच्या घड्याळात आठला पाच कमी होते.

"झेंड्याची वेळ झाली," त्या म्हणाल्या, आणि पट्टी मुठीत घेऊन पेटीच्या खोलीकडे निघाल्या.

*

या घरात दोन झेंडे होते. एक बाजारातला, सणावारी आणि सगळ्यांच्या वाढदिवसांना चढणारा. दुसरा थीराबाईंनी स्वतः शिवलेला. तो फक्त दशकाच्या वाढदिवसाला आणि लग्नाच्या मोठ्या वाढदिवसांना निघे. एरवी देवदारी पेटीत, कापसाच्या चादरीत, अंधारात. त्याला हात लावण्याचा अधिकार एकट्या थीराबाईंचा. झेंडा जमिनीला टेकता कामा नये, सूर्य मावळल्यावर वर राहता कामा नये, त्याने टेबल पुसल्यासारखे काही करता कामा नये, या बाबतीत त्यांच्याइतके कडक माणूस पंचक्रोशीत नव्हते. एकदा थोरवाल्डने झेंड्याखाली शिंकल्याबद्दल त्यांनी त्याला दोन दिवस कॉफी दिली नव्हती.

त्यांनी चादर उलगडली. हातांवर झेंडा घेतला. मूठ उघडली तशी पट्टी त्याच्यावर पडली.

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

झेंडा लाल होता, जूनमधल्या बांधावरच्या अफूच्या फुलांसारखा. त्याच्यावर पडलेली पट्टी बिटाच्या फोडीसारखी काळपट लाल. दोन्ही एकाच ताग्याचे कापड. हे जगात आता फक्त एका माणसाला ठाऊक होते, आणि ते माणूस ऐंशी वर्षांचे होऊन पेटीसमोर उभे होते.

चोपन्न वर्षांपूर्वी एस्किलच्या बारशासाठी त्यांनी हा झेंडा शिवला. किनारीची एक पट्टी उरली. लॉरिट्स म्हणाला, "थीरा, हाच रंग. ह्याच्यासारखं लाल कुठं मिळायचं? हंड्यावर लावतो." त्या घाबरल्या होत्या. झेंड्याचे कापड सॉसेजच्या वाफेत! सासूबाईंना कळले असते तर दोघांना घराबाहेर काढले असते. म्हणून दोघांनी ठरवले, कुणाला सांगायचे नाही. सासूबाई गेल्या, लॉरिट्स गेला, गुपित मात्र आपल्या जागी खिळ्यावर राहिले.

आणि दर मंगळवारी, दर शुक्रवारी, रंगाने निथळणारे सॉसेज त्या पट्टीला टेकत राहिले. लोकर ती. रंग शोषून घेते. थेंबाथेंबाने पट्टी गडद झाली. आणि हंडा पट्टीला जुळवायचा म्हणून चिमटीचिमटीने रंग वाढला. आणि वाढलेल्या रंगाचे सॉसेज पुन्हा पट्टीलाच टेकले. लॉरिट्सने खोटे लिहिले नव्हते. एस्किलचा हात सैल झाला नव्हता. धुवायची नाही, बदलायची नाही, असे सांगितले होते ते कोणी?

"आजी, आठ वाजले!" बाहेरून सिग्ना ओरडली.

त्या अंगणात आल्या. पट्टी पुन्हा मुठीत होती. एस्किलने दोरी लावली, माणसांनी टोप्या काढल्या, थोरवाल्डने सूर धरला, आणि झेंडा वर चढू लागला. थीराबाई गात होत्या. शब्द तोंडपाठ होते म्हणून बरे, कारण मन दुसरीकडे होते. गप्प राहिले तर काय बिघडते? सोमवारी आकडा जाईल, रंग कमी करू, पट्टी हरवली म्हणू. लॉरिट्सचे नाव राहील, आपले राहील. एस्किलचे? तो ओठ हलवत होता. चोपन्न वर्षांचा बाप्या, हातात दोरी, आणि चेहरा बारशाच्या वेळी पाद्र्याने डोक्यावर पाणी ओतले तेव्हा झाला होता तसाच, रडावे की नाही हे न ठरलेला.

गाणे संपले. एस्किल दोरीला गाठ मारू लागला.

"थांब. झेंडा खाली घे."

अंगणात कोणी हलले नाही. चढवलेला झेंडा सूर्य वर असताना उतरवायचा, आणि तेही थीराबाईंच्या तोंडून!

"आई?"

"ऐकू येत नाही का? खाली घे. आणि अर्ध्यावर थांबू नकोस, नाहीतर रस्त्यावरचे लोक समजतील मी गेले."

थोरवाल्ड हसला आणि लगेच टोपीत तोंड लपवले. झेंडा उतरला. थीराबाईंनी तो हातांवर झेलला, मूठ उघडली आणि पट्टी त्याच्यावर ठेवली.

"जवळ या सगळे. तूही ये थोरवाल्ड, आज शिंकलास तरी चालेल. हे दोन्ही एकाच कापडाचे आहेत. मी शिवलंय, मला ठाऊक आहे. शिवणीचा टाका बघा, दोन्हीकडे माझाच आहे."

सिग्ना वाकली. तिने पट्टी पाहिली, झेंडा पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर उजाडले. "ओली सॉसेजं! आजी, चोपन्न वर्षं ती रंग पीत होती!"

"आणि आपण तिला जुळवत होतो," एस्किल सावकाश म्हणाला.

"तू जुळवत होतास. मी सांगितलं म्हणून." थीराबाईंचा आवाज ताठ होता, पाठही. "मी म्हटलं होतं, हलवायची नाही. तू नाही हलवलीस. चूक माझ्या हुकमाची आहे, तुझ्या हाताची नाही."

"आई, झेंड्याचं कापड?" सॉल्वायला आत्ता कुठे ते उमगले. "हंड्यावर? तू? मी बारा वर्षांची असताना कागदी झेंडा केकवरून खाली पडला तर तू मला—"

"ते बरोबरच होतं."

"आणि हे?"

"हेही तेव्हा बरोबर वाटलं होतं. नवरा देखणा होता." थीराबाईंनी झेंडा सावरला. "बोडिल, हंडा तापव. एक चमचा, सपाट. दुपारी चाळीस माणसं जेवायची आहेत."

"झेंडा आत नेऊ का जुळवायला?" सिग्नाने विचारले.

"झेंडा कारखान्यात जाणार नाही. कारखान्यानं झेंड्याकडे यावं."

म्हणून तासाभराने एस्किल पांढऱ्या ताटलीत पहिले सॉसेज घेऊन कारखान्याच्या दारात आला, आणि त्याची आई उन्हात झेंड्याचे टोक धरून उभी राहिली. "वीतभर लांब धर," तिने बजावले, "टेकवायचं नाही. शिकलो आपण." एस्किलने वीतभर लांब धरले. सगळ्यांनी पाहिले. एक चमचा, सपाट. आणि रंग अफूच्या फुलाचा.

"बाबांची वही," सॉल्वाय म्हणाली आणि नाक पुसले. "मी म्हटलंच होतं, वही खोटी नाही."

"म्हटलं होतंस," एस्किल म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात गुरुवारनंतर पहिल्यांदा काहीतरी हलले.

मग झेंडा पुन्हा चढला, पुन्हा गाणे झाले. या वेळी जाड आवाज लागला. थोरवाल्डपेक्षा अर्धा सूर खाली, पण लागला.

*

कागद जेवणाआधी झाला. थीराबाईंनी पावाची टोपली बाजूला केली.

"कुठला आकडा?" सॉल्वायने विचारले. "आता तर एक चमचाच आहे."

"आजपासून एक. कालपर्यंत विकलं ते अडीच. ते लिही, सिग्ना. आणि आजचाही खाली लिही, तारखेसकट."

"लिहिले दोन्ही."

"आता कारण लिही. पट्टीचं."

"आजी, कारणाला रकाना नाहीये."

"मग कडेला लिही. मोकळी जागा कशासाठी सोडतात?" त्यांनी स्वतःच पेन घेतले आणि समासात, शाळेत शिकवलेल्या तिरक्या अक्षरात, चार ओळी लिहिल्या. शेवटी लिहिले : रंग वाढवणारा हात माझ्या मुलाचा होता, वाढवायला लावणारा हुकूम माझा होता. मग सही केली, आणि सहीखाली, कोणी न मागता, वय.

दुपारी चाळीस माणसे लांब टेबलाला बसली. लाल सॉसेजे, पाव, मोहरी, तळलेला कांदा, काकडीचे गोड लोणचे. सगळे एकमेकांच्या ताटात बघत होते. रंग आज निवळलेला होता. एस्किलच्या ताटात अजून काही नव्हते.

सॉल्वायने स्वतः रचलेले गाणे सर्वांनी छापील कागदांवरून म्हटले. मग रीतीप्रमाणे थोरवाल्ड उभा राहिला, उत्सवमूर्तीसाठी हुर्रे करायला. थीराबाईंनी हाताने त्याला खाली बसवले आणि त्या स्वतः उठल्या.

"आजचं हुर्रे माझं नाही," त्या म्हणाल्या.

कुजबुज झाली. ऐंशीव्या वाढदिवसाला दुसऱ्याचे हुर्रे! असे कधी झाले नव्हते.

"गुरुवारी या घरात एका माणसाला मी सगळ्यांसमोर बोलले. सगळ्यांसमोर बोलले, तर परतही सगळ्यांसमोरच घेतलं पाहिजे. एस्किल, उभा राहा. पाठ सरळ कर." एस्किल उभा राहिला; कानापर्यंत लाल झालेला, आणि तो लाल कुठल्या चमच्याचा नव्हता. "मंडळी, माझ्या मुलासाठी. मोठ्यानं म्हणा, मला हल्ली कमी ऐकू येतं."

त्यांना चांगले ऐकू येत होते. तीन हुर्रे झाले, मग आणखी तीन, मग तो लांबलचक शेवटचा, ज्याने टेबलावरचे कागदी झेंडेही थरथरले.

सगळे बसले. बोडिलने नवऱ्याच्या ताटात एक सॉसेज ठेवले, आणि या वेळी ताट सरकले नाही. थोरवाल्डने पहिला घास घेतला, डोळे मिटले, चघळला.

"थीराबाई," तो म्हणाला, "हे तर अगदी लॉरिट्सच्या वेळचं!"

"लॉरिट्सच्या नव्हे," थीराबाई मोहरीची बाटली मुलाकडे सारत म्हणाल्या. "एस्किलच्या बारशाचं."

एस्किल त्या वेळी तिसरे वाढून घेत होता.